दुधाच्या दाढेची जागा



ह्या पानावर मी तुम्हांला नेहमी काही ना काही सांगत असते. हे करा, ते करू नका. आज मात्र आधी माझीच एक चूक सांगते, कारण तीच चूक तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी होत असणार.

मी मोशीत राहते. पुणे-नाशिक रस्त्यावरचं, इंद्रायणीकाठचं हे गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि बघता बघता चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांनी भरून गेलं. आमच्या इमारतीत लातूरचे, जळगावचे, साताऱ्याचे, सगळीकडचे संसार आहेत. सासू गावी, आई गावी. त्यामुळे तरुण सुना अडल्यानडल्या की माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या काकूचं दार वाजवतात. मला त्याचं बरंही वाटतं. तिथंच घात होतो. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर आपल्याला येतंच, असं वाटायला लागतं.

2020 च्या जानेवारीत, संक्रांतीच्या चार दिवस आधी, वरच्या मजल्यावरची एकजण मुलीला घेऊन आली. मुलगी साडेसहा वर्षांची, गाल सुजलेला, तोंडात कापूस.

"काकू, हिची दाढ काढली आज. पू झाला होता. डॉक्टर म्हणतात, आठ दिवसांनी माप द्यायला या, तिथं तारेची कडी बसवायची. नाहीतर पुढचा दात अडकेल. खरंच लागतं का हो हे?"

मी तीळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "अगं, दुधाचीच तर दाढ ती! आज ना उद्या पडणारच होती. आमच्या वेळी कुठं होत्या असल्या कड्या?"

तिलाही तेच ऐकायचं होतं. यजमानांची चाकणला शिफ्ट, घरात तान्हं नसलं तरी धाकटा अजून हाताशी आलेला नव्हता, आणि पैसेही वाचणार होते. ती गेली नाही. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली तेव्हा आम्ही दोघी म्हणायला मोकळ्या झालो, की आता काय, दवाखानेच बंद. पण दाढ काढल्यापासून टाळेबंदीपर्यंत चांगले दोन महिने हातात होते.

मग 2023 च्या पावसाळ्यात तिच्या धाकट्याची दाढ ठणकायला लागली. पोरगं रात्र रात्र रडायचं. यजमान सेकंड शिफ्टला, म्हणून सोबतीला मी गेले. थोरलीला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तीही आली. डॉक्टरबाई मुलांच्याच दातांच्या. धाकट्याला तपासून झाल्यावर त्या सहज मुलीला म्हणाल्या, "तूपण बस पाहू खुर्चीत." पोरीनं आ केला आणि बाईंनी विचारलं, "हिची ही खालची दाढ कधी काढली?"

एक्स-रे काढला. तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मागची मोठी दाढ पुढे कलून अर्ध्या जागेवर आडवी पडलेली, आणि तिच्या पोटाखाली, हिरडीच्या आत, बाहेर यायची वाट बघणारा पक्का दात. डॉक्टरबाईंनी माप सांगितलं. दुधाच्या त्या दाढेची जागा साधारण दहा मिलीमीटरची असते, हिची पाचावर आली होती. येणाऱ्या दाताला सात तरी हवी. मुलीच्या आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि आजवर मला एका शब्दानं बोल लावलेला नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

तर हे असं का होतं, ते आधी समजून घेऊ या.

दात आपल्याला भिंतीतल्या खुंटीसारखे पक्के वाटतात. ते तसे नसतात. शेजारचे दात, वरचे दात, गाल, जीभ यांच्या दाबात प्रत्येकजण आपली जागा सांभाळून उभा असतो. मधला एक गेला की मागचा पुढे कलतो, पुढचा मागे सरकतो, समोरच्या जबड्यातला त्या फटीत उतरू पाहतो. सुटीच्या दिवसांत नाशिकची एसटी भोसरीला आली की आपण काय करतो? खिडकीतून आत रुमाल टाकतो. माणूस अजून खालीच असतो, पण जागा धरलेली असते. दुधाची दाढ म्हणजे पक्क्या दातासाठी टाकलेला असाच रुमाल. माणूस चढायच्या आत कुणी रुमाल उचलला, की शेजारचा ऐसपैस पसरून बसतो. मग तुम्ही कितीही "अहो, ही आमची जागा" म्हणा!

आपली फसगत होते ती वयाच्या हिशेबात. दुधाचे दात एकूण वीस. समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात, आणि ते बघून आपण धरून चालतो की आता सगळेच पडायचे. दाढांचं तसं नाही. दुधाच्या दाढा नवव्यापासून बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात, आणि त्यांच्या जागी उपदाढा येतात. म्हणजे सहाव्या वर्षी दाढ काढली, तर ती जागा चार-पाच वर्षं रिकामी राहणार. जागा सर्वांत भराभर आकसते ती पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून "बघू पुढे दिवाळीनंतर" हे ह्या बाबतीत चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्याही मागे, चारही कोपऱ्यांत एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे आईला पत्ताच लागत नाही. ती दुधाची नव्हे, जन्माची दाढ आहे! ती किडली तर "पडेल आणि नवी येईल" असं अजिबात नाही. आज रात्री मुलाला दिव्याखाली उभं करून मागून मोजा. आणि हीच मोठी दाढ पुढची जागा रिकामी दिसली की पुढे सरकते. आमच्या मुलीच्या बाबतीत तेच झालं होतं.

आता ती कडी. डॉक्टर तिला स्पेस मेन्टेनर म्हणतात. आपण जागा राखणारी कडी म्हणू. नेहमीचा प्रकार असा, की रिकाम्या जागेशेजारच्या दाढेला स्टीलचं पातळ वेढं बसवायचं आणि त्याला जोडलेला तारेचा फास पुढच्या दाताला टेकवायचा. झालं. दोन्हीकडचे दात आत सरकू शकत नाहीत आणि फासाच्या मधून नवा दात वर यायला वाट मोकळी. सुई नाही, रक्त नाही. पहिल्या खेपेला वेढं बेतून मऊ लगद्यात माप घेतात, मग तार जोडून कडी तयार होऊन आली की दुसऱ्या खेपेला औषधी सिमेंटनं चिकटवतात. दोन्हीकडच्या दाढा गेल्या असतील तर खालच्या दातांच्या आतल्या बाजूनं एकच लांब तार फिरवतात. वरच्या जबड्याला टाळूकडून जाणारी असते. काढघाल करायची प्लेटही मिळते, पण मला विचाराल तर लहान मुलाच्या हाती ती देऊ नये. डबा खाताना कागदात गुंडाळून ठेवायची आणि तो कागद कचऱ्यात जायचा! आणि सहाव्या वर्षीची ती मोठी दाढ यायच्याही आधी दुधाची शेवटची दाढ काढावी लागली, तर वेगळ्या धाटणीची कडी लागते, तिचं टोक हिरडीच्या आत जातं. ते काम मुलांच्या दातांच्या तज्ज्ञाकडेच करावं.

धाकट्याची दाढ वाचण्यापलीकडे गेली होती. काढावीच लागली. या वेळी वडील सुटी टाकून आले. ते टूलरूममध्ये आहेत. डॉक्टरबाईंनी साच्यावरची कडी दाखवली तेव्हा त्यांनी ती बोटांत धरून उजेडात फिरवली आणि म्हणाले, "हे तर आमचं फिक्स्चर झालं. जॉब हलू नये म्हणून." मग जरा थांबून म्हणाले, "पोरीचे पाच मिलीमीटर आम्ही घालवले. कंपनीत पाच शतांशाला माल परत येतो." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

कडी बसली की दोन-तीन दिवस मूल कुरकुरतं. तोंडात काहीतरी आहे म्हणून जीभ सारखी तिथं जाते, लाळ जास्त सुटते. त्याकडे फार लक्ष देऊ नये, भात-वरण, उपमा, मऊ पोळी द्यावी, चौथ्या दिवशी ते विसरतं. पण काही गोष्टी मात्र पाळायच्याच. चिक्की, गुडदाणी, च्युइंगम, चिकट टॉफी, पाकातला कडक तिळगूळ, आणि हो, बर्फाचे खडे चावणं, हे कडी असेपर्यंत बंद. आमच्या वीरानं संक्रांतीला हळदीकुंकवाच्या ताटातली चिक्की उचलली आणि कडी सैल झाली. वडील पक्कड घेऊन सरसावले होते. फेविक्विकची नळीही बाहेर आली होती! कृपा करून असलं काही घरी करू नका. सुटलेली कडी डबीत ठेवायची आणि एक-दोन दिवसांत दवाखान्यात न्यायची, ते धुऊन परत बसवतात किंवा नवी करतात. नुसती सैल झाली असली तरी जायचंच, कारण सुटलेल्या सिमेंटच्या फटीत अन्न बसतं आणि आतली चांगली दाढ किडते. गिळली गेली तर घाबरून पोराला उलटं करू नका. बहुधा ती पोटातून निघून जाते, पण डॉक्टरांना लगेच कळवा. मूल खोकायला लागलं, धाप लागली, तर मात्र थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

ब्रश दोन वेळा, आणि रात्रीचा तुम्ही स्वतः करायचा. सात-आठ वर्षांचं मूल मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाही, ते फक्त फेस करतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, त्याहून लहान असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी. दर सहा महिन्यांनी कडी दाखवून आणायची. ती कायमची नसते. खालून दात डोकावला की काढायची असते, नाहीतर तीच आडवी येते. कित्येक आया कडी बसवून निर्धास्त होतात आणि पुन्हा फिरकतच नाहीत, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. दुखत नाही ना, मग कशाला!

कडी बसवण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. खोट्या दागिन्यांनी मुलाच्या अंगावर पुरळ उठत असेल तर ते, कारण ह्या स्टीलमध्ये निकेल असतं. आणि मुलाच्या हृदयाला काही दोष असेल तर तो दाढ काढण्याच्याही आधी.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक फटीला कडी लावायची का? मुळीच नाही. समोरचा दुधाचा दात खेळताना पडून तुटला, तर तिथं बहुतेक वेळा कडीची गरज नसते. सुळे आलेले असले की ती जागा सहसा आकसत नाही. दिसायला बरं दिसावं म्हणून दात बसवतात, ती वेगळी हौस. खालचा पक्का दात वर यायच्या बेतात असेल तरी कडी नको. निसर्गानंही थोडी शिल्लक ठेवलेली असते, दुधाची दाढ तिच्या वारस उपदाढेपेक्षा रुंद असते, त्यामुळे थोडंसं सरकलं तर चालून जातं. किती चालेल हे मात्र मी किंवा तुमच्या शेजारणीनं ठरवायचं नाही. एक्स-रेमध्ये दिसतं, की खाली दात आहे का (काही मुलांत तो मुळातच नसतो, तेव्हा विचार वेगळा करावा लागतो), त्याचं मूळ किती तयार झालंय, वर हाड किती आहे. म्हणून दाढ काढायची ठरली की त्याच खुर्चीशेजारी उभं राहून विचारा, "डॉक्टर, जागा राखावी लागेल का? लागणार असेल तर कधी यायचं? नसेल तर का नाही?" आणि एकूण खर्च किती, कडी सुटली तर परत बसवायचे वेगळे घेणार का, हेही तिथंच विचारून घ्या. त्यात लाजायचं काही नाही.

अर्थात सर्वांत चांगली कडी म्हणजे मुलाची स्वतःची दाढ. काळा ठिपका दिसताच भरून घेतली तर गोष्ट तिथंच संपते. दोन दाढांच्या मधली कीड तर दाढ काढायच्या आधीच जागा खायला लागते, कारण किडलेली बाजू ढासळते आणि शेजारची तिच्यावर रेलते. नसेपर्यंत गेली तरी पुष्कळदा दुधाच्या दाढेची नस साफ करून वर स्टीलची टोपी बसवता येते. "दुधाच्या दाढेवर एवढा खर्च?" असं मनात येतं खरं. आमच्या मुलीच्या तारांचा खर्च आणि ती टोपी शेजारी ठेवून बघितली असती, तर असं म्हणायची माझी छाती झाली नसती.

कीड येते कशी, ते तुम्हांला ठाऊक आहे, पण आमच्या भागातलं एक सांगते. आई-वडील दोघं कामावर, म्हणून मुलाच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा दिला जातो, आणि तो दुपारभर पुरवून पुरवून खाल्ला जातो. गोड एकदाच खाऊन तोंड धुतलं तर दात निभावून नेतात. तासातासाला एक एक खाल्लं तर त्यांना सावरायला उसंतच मिळत नाही. झोपताना दुधाची बाटली तोंडात देऊन ठेवणं हे त्याचंच धाकटं भावंड. आणि गावाकडच्या आजीबाई नातवंडाच्या ठणकत्या दाढेला मिश्री चोळतात, ते पहिलं थांबवा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच.

कुठं जायचं? साध्या दवाखान्यातले डॉक्टरही कडी बसवतात, पण मूल फार लहान किंवा फार घाबरट असेल तर मुलांच्या दातांचे तज्ज्ञ बरे. पिंपरीला डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात त्यांचा स्वतंत्र विभाग आहे. दंत महाविद्यालयांत खर्च सहसा कमी येतो, फक्त वेळ काढून जावं लागतं, कारण शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांना दाखवत दाखवत काम करतात. महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात चौकशी करा. यजमानांचं ईएसआयचं कार्ड असेल तर तिथंही विचारा, आपण बायका ते कार्ड फक्त तापासाठी काढतो. मुलं महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असतील तर आणखी एक सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 ला आपल्याच पालघरात सुरू झाला. त्यात अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलांना तपासतात, आणि ठरवून दिलेल्या तीस दुखण्यांत दातांचं दुखणंही आहे. तपासणीनंतर शाळेतून चिठ्ठी आली तर ती वहीच्या कव्हरात राहू देऊ नका.

आमच्या मुलीचं म्हणाल, तर आधी दाढ मागे रेटायला स्प्रिंगची प्लेट, मग तारा. पेरू आणि मक्याचं कणीस तिला दोन वर्षं तोडून, कापून खावं लागलं. तो अडकलेला दात आता वर आला आहे, थोडा फिरलेला, पण आला आहे. धाकट्याच्या कडीच्या तारखा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी लिहिलेल्या असायच्या, मी जाता-येता बघायचे. यंदा फासाच्या मधून पांढरं टोक दिसलं आणि डॉक्टरबाईंनी कडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. पोराला ती कौलावर टाकायची होती, दुधाचा दात टाकतात तशी. आमच्या इमारतीला कौलं कुठली! मग ती वडिलांनी धुऊन, पुसून आपल्या टूलबॉक्समध्ये ठेवून दिली.